पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून गेलं तर

पाळी गेली की खेड्यातल्या पुष्कळ बायका म्हणतात, "सुटले बाई एकदाची!" कपडे, पाणी, आडोसा आणि वर दिवसभर शेतात वाकून काम, त्यातून सुटकाच ती. तारुण्य सरल्याचं दुःख करत बसायला सवड कुणाला? घोळ होतो तो दुसरीकडे. या वयात काहीही झालं तरी "पाळी जातेय, चालायचंच" म्हणून अंगावर काढलं जातं.

शेवटची पाळी कधी आली ते लक्षात ठेवा. तारीख नाही आठवली तर पेरणीआधी की कापणीनंतर, एवढं धरलं तरी भागतं. सलग 12 महिने काही गेलं नाही म्हणजे पाळी गेली. त्यानंतर साधा डाग दिसला तरी दाखवायचं. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं आतलं अस्तर 4 मिलिमीटरहून जाड निघालं तर सहसा तुकडा तपासायला पाठवतात. बहुतेकींना कॅन्सर नसतो; पण पिशवीच्या कॅन्सरची पहिली खूण बरेचदा हीच असते, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो.

पाळी जाण्याआधी ती मागेपुढे होणारच. मात्र 7 दिवसांहून जास्त जाणं, तासा-दोन तासाला कपडा भिजणं, मोठ्या गाठी पडणं किंवा संबंधानंतर रक्त दिसणं या मागेपुढे होण्यात धरत नाहीत. अशा वेळी हिमोग्लोबिनही बघून घ्यावं. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही. मधे तास-दोन तास जाऊ द्यावेत.

"पिशवी काढून टाका" असं कुणी म्हटलं तर आधी विचारा, बीजकोश (बीजं आणि हार्मोन तयार करणारे अवयव) ठेवणार की काढणार? चाळिशीत दोन्ही काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम अंगावर येतो आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. तेव्हा हार्मोनच्या गोळ्यांचं तिथेच विचारून घ्यावं.

पाळी जाताना अंगातून येणाऱ्या गरम वाफा उन्हात राबताना कळतही नाहीत. रात्री घामानं चिंब होऊन जाग येते तेव्हा कळतात. सोबत ताप असेल, वजन उतरत असेल, तर ते पाळीचं नव्हे. टीबीची तपासणी करावी.

वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात, खालचा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही. लघवीला जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणून पाणी पीत राहतात, संबंध दुखतात ते तर कुणाला सांगतच नाहीत. आधी लघवी तपासून जंतू नाहीत ना ते बघावं. नसतील तर डॉक्टरांना विचारून इस्ट्रोजेन या हार्मोनचं मलम आतून लावतात: साधारण पहिले 2 आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा. बरं वाटलं म्हणून बंद केलं की त्रास पुन्हा सुरू होतो.