भाईंदर ते मोत माउली

वसईहून लोकलने भाईंदरला उतरलो आणि रात्री साडेदहाला चालायला लागलो. रेल्वेच्या मापाने भाईंदर ते वांद्रे 28 किलोमीटर, रस्त्याने थोडं जास्तच. 8 सप्टेंबरनंतरचा रविवार, वांद्र्याच्या डोंगरावरच्या मोत माउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या जत्रेचा. दहिसरपर्यंत पाऊस, मग नुसता दमट उकाडा. पुढचे एक काका जपमाळ भलत्याच घाईत म्हणत होते. 'नमो मरिया' ही प्रार्थना अर्धी होते न होते तोच पुढची सुरू. चीड आली. आणि चीड आली म्हणून मी लगेच स्वतःलाच झाडू लागले: माउलीच्या वाटेवरही तुला धड प्रार्थना करता येत नाही.

हे नेहमीचंच. प्रायश्चित्त संस्कार होतो, म्हणजे मी फादरांपुढे पापं कबूल करते, फादर क्षमा उच्चारतात, सांगितलेल्या प्रार्थना म्हणून होतात, तरी महिन्याभरात तेच पाप सांगायला मी पुन्हा रांगेत. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचंही 1522 साली स्पेनमधल्या मन्रेसा गावात असंच झालं होतं. सगळं कबूल करूनही जुनं पाप उकरत राहायचे, जीव नकोसा झाला होता. शेवटी त्यांनी ठरवलं, मागचं कबूल केलेलं पुन्हा कबूल करायचं नाही. पुढे त्यांनी आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या लिहून ठेवल्या. आधी देवाचे आभार. मग पाप ओळखण्याची कृपा मागायची. तिसरी पायरी, दिवसाचा तासातासाने हिशेब. चौथी क्षमा, पाचवी सुधारण्याचा निश्चय. स्वतःला झोडपणारी माणसं थेट तिसरीवर उडी मारतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. आभार मोघम मानले तर पहिलीही फुकट जाते, नेमक्या तीन गोष्टी लागतात. आणि हिशेबात ज्या आरोपाला ना दिवस ना कृत्य, नुसतं 'मी आहेच अशी', तो सोडून द्यायचा. त्यात क्षमा मागण्याजोगं काही नसतंच.

बोरिवली, कांदिवली, मालाड गेले.

गोरेगावनंतर उजव्या टाचेला फोड. मोजे सुती होते, दहिसरलाच भिजलेले. सुती कापड पाणी धरून ठेवतं, कातडी मऊ पडते, बुटात टाच वरखाली सरकली की कातडीचे थर सुटतात आणि मध्ये पाणी साचतं. सुके मोजे पिशवीत होते, बदलायचा कंटाळा केला होता. बंद शटरसमोर बसून मी साल ओढायला लागले. शेजारी टोपली ठेवून एक कोळीण मावशी रिक्षाची वाट बघत होत्या.

"बाय, साल काढू नको. उघडं मास चालू देनार नाय."

मी म्हटलं, असू दे मावशी, माझीच चूक, मोजे बदलायला हवे होते.

"चूक मागून मोज. पाय दे."

बाटलीतल्या पाण्याने त्यांनी हात धुतले आणि माझा पाय मांडीवर घेतला. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात तेव्हा मी कायम मागच्या बाकावर असते. येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रसुद्धा आधी नकोच म्हणाला होता. माझ्याकडे सुई होती, सॅनिटायझर होतं. सुई पुसली, टाच पुसली, फोडाच्या खालच्या कडेला दोन भोकं पाडली, कापसाने दाबून पाणी काढलं. साल तशीच ठेवली. खालच्या कोवळ्या कातडीवर तेच झाकण. वर गॉझ, चिकटपट्टी, सुके मोजे. मावशींनी मोबाइलचा उजेड धरला होता, हात जरा हलला नाही. रिक्षा आली तशा टोपली उचलून गेल्या. नाव विचारायचं राहिलं, आणि त्यावरून मी अंधेरीपर्यंत स्वतःला बोल लावत होते. पार्ल्याला केव्हातरी ते थांबलं.

पहाटे डोंगरावर मरणाची गर्दी. कुणाचा तरी कोपर बरगडीत. नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, घरं यांतून मी एक पाय घेतला आणि मावशींच्या वतीने वाहिला. मराठी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, अवकाश होता. बाहेर पायऱ्यांवर बसून आभारांपासून सुरुवात केली. सुके मोजे. मोबाइलचा न हललेला उजेड. टाचेखालची ती मांडी, तिला येणारा बर्फाचा आणि बोंबलांचा वास.