तंट्याची आगाऊ खबर आणि एका सहीसाठी झालेली दगदग : माझा अनुभव

गावात तंटा पेटायच्या आधीच त्याची खबर अधिकाऱ्यांपर्यंत पोचवायची, असा गट आम्ही बेळगावकडं केला, त्याची ही गोष्ट. आधी हे सांगते की बाकी सगळं झालं. गावातली माणसं जमली, मराठी घरं, कन्नड घरं, मुसलमान गल्ली, सगळीकडनं कोण ना कोण आलं, ट्रेनिंग झालं, नोंदवही सुरू झाली. अडकलं ते एका कार्यालयातल्या एका टेबलावर, आणि अजून त्या इमारतीवरनं बस गेली की माझं डोकं उठतं. म्हणून बसून लिहितेय. सीमाभागात आणखी कुणी असलं काही करायला निघालं तर त्यांचे हेलपाटे तरी वाचावेत.

मी बेळगावजवळ सांबऱ्याच्या बाजूला राहते, एका सोसायटीची पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करते. रोज संध्याकाळी तीच दुकानं, तेच कट्टे. त्यामुळे कोण आज शटर लवकर ओढालंय, कुठल्या चहाच्या गाड्यावर दोन गल्ल्यांची पोरं एकत्र यायची बंद झालीत, कुठल्या चौकात ओळखीची नसलेली पोरं गाड्या लावून थांबलीत, हे न विचारता कळतं. आपल्याकडं काही पेटतं ते एका रात्रीत पेटत नाही ओ. डिसेंबर २०२१ आठवा, बंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याचा व्हिडिओ आला आणि लगेच बेळगावात अनगोळला कन्नड लोकांचे स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची नासधूस, गाड्यांवर दगड. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्या फोडल्या, त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं. जून २०२३ ला शेजारी कोल्हापूर पेटलं ते मोबाईलच्या स्टेटसवरनं, आणि फेब्रुवारी २०२५ ला तर तिकिटावरनं बसमध्ये भांडण होऊन कंडक्टरला मारहाण झाली नि दोन राज्यांच्या बसा बंद पडल्या. प्रत्येक वेळी पहिली ठिणगी आणि पहिला दगड यांच्यात थोडा तरी वेळ होता, आणि त्या वेळात गावागावात माझ्यासारख्या कुणाला तरी वास लागलेला असणार.

तर एका संस्थेनं बेळगावात ट्रेनिंग ठेवलेलं, बचत गटातनं आम्हाला बोलावलं. ट्रेनिंग घेणाऱ्या सरांनी पूर्व आफ्रिकेचं उदाहरण दिलं. तिथं इगाद म्हणून देशांची संघटना आहे, त्यांनी २००२ साली सीवॉर्न नावाची यंत्रणा करायचा करार केला, कशासाठी तर केनिया, युगांडा, इथिओपिया आणि आता दक्षिण सुदान आहे तिथली हद्द, म्हणजे कारामोजा भाग, तिथं गुरं पळवण्यावरनं माणसं मरायची. मग त्याच भागातली माणसं नेमली. घटना घडली की एक फॉर्म, आणि काही घडलं नसलं तरी परिस्थितीचा दुसरा फॉर्म, तो ठराविक दिवसांनी भरायचाच. मला हा दुसरा फॉर्म फार पटला. काही झालं नाही तेव्हाही लिहायचं, म्हणजे रोजचं काय असतं ते माहीत असतं आणि बदल झाला की डोळ्यात भरतो. केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर हजारावर माणसं गेली, त्यानंतर २०१० च्या सार्वमतावेळी त्यांनी १०८ हा फुकट एसएमएसचा नंबर दिला, लोकांनी कळवलं, कळवलेलं पुढं स्थानिक शांतता समित्यांकडं आणि पोलिसांकडं गेलं.

आपल्या जवळचं म्हणाल तर भिवंडी. १९८४ च्या दंगलीत होरपळलेलं शहर. १९८८ पासून डीसीपी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या केल्या, दोन्ही समाजाची माणसं आणि पोलीस एकत्र बसायचे. १९९२-९३ ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. यातला महत्त्वाचा शब्द माझ्या मते ‘पोलीस बसायचे’ हा आहे. नुसती गावकऱ्यांची समिती नव्हती ती.

त्या सरांनी निघताना एक बजावलं, खबर कुणाला द्यायची आणि त्यानं किती वेळात काय करायचं हे लिहून घेतल्याशिवाय काम सुरू करू नका. रवांडाचं सांगितलं. ११ जानेवारी १९९४ ला तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे कमांडर दालेर यांनी न्यूयॉर्कला फॅक्स केला की शस्त्रं लपवलीत, तुत्सी जमातीच्या माणसांच्या याद्या करालेत, आम्ही धाड घालणार आहे. वरनं नको म्हणाले. एप्रिलपासून शंभरेक दिवसांत साधारण आठ लाख माणसं मारली. खबर होती, वेळेवर होती, घेणाऱ्यानं काही केलं नाही. हे ऐकल्यावर आम्ही ठरवलं की लेखी सही घ्यायची म्हणजे घ्यायचीच.

आणि तिथंच अडकलो.

मागणी एवढीच, एक पानाचा अर्ज, आमच्या गटाकडनं खबर आली की ती घ्यायला एक अधिकारी नेमा, रात्रीसाठी दुसरा, आणि घेतल्याचं कळवा. टेबलावरच्या माणसानं पहिल्यांदा कागद बघितला आणि म्हणाला मराठी चालत नाही. मी सोबत कन्नड प्रत नेलेली, तीही ठेवली, पण सांगितलं की घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. भांडायला नाही सांगितलं, नोंद राहावी म्हणून सांगितलं. (तुम्ही पण दोन्ही प्रती न्याच, हक्क आहे म्हणून एकच नेली तर तुमचा दिवस जातो, आणि आपल्या गटातल्या कन्नड माणसांना पण आपण काय लिहिलंय ते वाचता आलं पाहिजे.)

मग पुढचं, समिती रजिस्टर आहे काय? नाही, आणि असायची गरजही नाही, आम्ही पैसे गोळा करत नाही, पावत्या फाडत नाही. मग म्हणाले शांतता समिती आहे की आमची. आहे, मान्य. ती बसते गणपतीच्या आधी, ईदच्या आधी, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या आधी. ठरलेली चार मोठी नावं, चहा, डीजेचा आवाज आणि मिरवणुकीचा रूट, फोटो, झालं. त्यात बाई नसते, पानपट्टीवाला नसतो, बसस्टँडवरचा हमाल नसतो. आणि सण नसताना कबड्डीच्या मॅचवरनं किंवा फाडलेल्या बोर्डावरनं जे सुरू होतं त्यावेळी ती समिती कुठं असते?

मग म्हणाले ११२ ला फोन करा. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण वरवर बरोबर वाटतं. ११२ चांगलीच सेवा आहे, अपघात झाला, मारामारी झाली तर तिथंच लावायचा. पण आमची खबर ‘अजून काही झालेलं नाही’ अशी असते. फोनवर पहिला प्रश्न येणार काय झालंय. मी काय सांगू, तीन दिवस झाले दोन गल्ल्यांची पोरं एका गाड्यावर चहा घेईनात म्हणून गाडी पाठवा? त्यासाठी कंट्रोल रूम नको, गाव ओळखणारा माणूस पाहिजे ज्याला ऐकल्या ऐकल्या कळेल की त्या गाड्यावर काय चाललंय. हे मी त्या टेबलाला शांतपणे समजावलं, परत परत समजावलं, दर वेळी ऐकून घेतलं आणि दर वेळी शेवट तोच, साहेब्रु इल्ला, नाळे बन्नी, म्हणजे साहेब नाहीत, उद्या या.

नाळे म्हणजे माझी एक दिवसाची पिग्मी. बाकावर बसायचं आणि बसल्या बसल्या बघायचं की दाखल्याला आलेली माणसं येऊन जाऊन करालीत, आपला कागद तिथंच ट्रेमध्ये. मध्ये एक साहेब बदलून गेले, त्यांच्याबरोबर आमच्या कागदावरचा शेराही गेला, परत पहिल्यापासून.

आणि मग तो प्रश्न आला ज्यानं आमच्यातले दोघं गट सोडून जायला निघाले. टेबलानं विचारलं, तुमच्या गावात गडबड करणारी पोरं कोण, नावं लिहून द्या, मग पुढं पाठवतो. मी नाही म्हटलं. ही यंत्रणा माणसांवर पाळत ठेवायला नाही. आमच्या नोंदवहीत कुणाचं नाव नाही, जात नाही, धर्म नाही. जागा, वेळ, स्वतः बघितलं की ऐकलं, रोजच्यापेक्षा काय वेगळं, एवढंच. एकदा नावं गेली की पोरांचे बाप दुसऱ्या दिवशी आमच्या दारात, आणि मुसलमान गल्लीतली काकी परत मला कधी काही सांगणार नाही, तिनं सांगायचं बंद केलं की वही बंद करून ठेवलेली बरी. आमच्या गटातले मामा म्हणाले दे की दोन नावं, सुटेल काम. नाही दिली. याचा मला आजही अभिमान आहे आणि हे सगळ्यांनी लिहून ठेवा, नावं मागितली तर काम राहिलं तरी चालेल पण नावं द्यायची नाहीत. खरंच गुन्हा घडताना दिसला तर ती तक्रार वेगळी, ती सरळ ठाण्यात द्यायची, ती या वहीत मिसळायची नाही.

सुटलं कसं तर माहिती अधिकारानं. दहा रुपये फी आणि एकच प्रश्न, अमुक तारखेला दिलेल्या माझ्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली आणि तो सध्या कुणाकडं आहे. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसला पाहिजे, त्यामुळे पाल्हाळ लावू नका. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस असतात, पण आम्हाला त्याआधीच फोन आला, मॅडम साहेब बोलवालेत. (यासाठी पहिल्या दिवशीच अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतलेली असली पाहिजे, ती नसेल तर माहिती अधिकारात विचारणार कशाबद्दल? हे खरं तर वर लिहायला पाहिजे होतं, आत्ता आठवलं.)

वरच्या साहेबांनी पान वाचलं, दोनच प्रश्न विचारले. खोटी खबर आली तर? मी वही दाखवली, दोन वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या माणसांनी सांगितल्याशिवाय आम्ही पुढं कळवत नाही, आणि ‘बघितलं’ नि ‘ऐकलं’ वेगळं लिहितो. दुसरा प्रश्न, रात्री दोनला फोन करणार काय? म्हटलं, लागला तर करणार. त्यांनी तिथंच लिहिलं आणि सही केली. इतके दिवस ज्याच्यासाठी बसलो ते चहा थंड व्हायच्या आत झालं. बाहेर येऊन मी रडले, खरं सांगते, आनंदापेक्षा रागानं जास्त.

एक गोष्ट त्या साहेबांनीच सुचवली, कागदावर अधिकाऱ्याचं नाव घालू नका, पद घाला. नाव बदलीबरोबर जातं, पद राहतं.

नंतरचं थोडक्यात. एका रात्री बसवर दगडफेकीचा व्हिडिओ आला, खाली लिहिलेलं आत्ता, आमच्याच रस्त्यावर. मेसेजवर दोन बाण होते, म्हणजे बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेला. आमच्यातल्या एकानं स्टँडवरच्या कँटीनला फोन लावला, दुसरीनं रस्त्याकडच्या पाहुण्यांना, दोघांकडनं एकच, सगळं शांत आहे, शेवटची बस पण गेली. व्हिडिओ जुना होता. पण पोरं चौकात जमायला लागलेली, तेही आम्ही कळवलं. अधिकाऱ्यांचं उत्तर आलं, थोड्या वेळात जीप चौकात येऊन नुसती उभी राहिली, आणि आमच्या गटातल्या कन्नड सरांनी आणि मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी एकत्र उभं राहून पोरांना कँटीनचं सांगितलं. पोरं घरी गेली. सकाळी सगळी शटरं वेळेवर उघडली, मी पिग्मीला गेले. पुढं कधीतरी त्याच टेबलानं विचारलं किती दंगे थांबवले त्याचा आकडा द्या, रिपोर्टला लागतो. न झालेल्या दंग्याचा आकडा मी कुठनं आणू? वहीची झेरॉक्स दिली.

आणखी काही आठवतंय ते. निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरच ठेवू नका, गडबडीत नेट बंद होतं, साधे नंबर कागदावर पाहिजेत. गटात बायका निम्म्या तरी घ्या, नळावर आणि शाळेच्या गेटवर जे कळतं ते मंडळाच्या ऑफिसात चार दिवसांनी पोचतं. गटाचा ग्रुप उघडा ठेवू नका, कुणीही जोडला जाईल असा नको. आणि नवीन अधिकारी आले की पहिल्या आठवड्यातच सहीच्या कागदाची झेरॉक्स घेऊन भेटून या, कागद आहे म्हणून ते आपणहून फोन उचलतील असं समजू नका.

माझं माहेर हद्दीपलीकडं महाराष्ट्रात, चंदगडकडचं. तिथनं काही कळलं तर ते आमच्या कागदात बसत नाही, कारण हद्द ओलांडली की पोलीस दुसऱ्या राज्याचे आणि सही पुन्हा नवीन. अफवेला मात्र शिनोळीच्या नाक्यावर कोण अडवत नाही. तिकडं कुणी असा गट करायला तयार असेल तर सांगा, आमचा अर्ज दोन्ही भाषांत आहे, मराठीतला जसाच्या तसा चालेल, फक्त पद बदलायचं.