साखर बाहेर पडेल की नाही, हे कोण ठरवतं?

साखर पिकांच्या व्यापाराचा प्रदेशवार आढावा लिहायचं काम माझ्याकडे होतं. ऊस आणि शर्कराकंद (शुगर बीट) कुठे किती पिकतात, साखर कोण विकतं, कोण घेतं आणि भाव कुठे चाललाय, असे चार प्रश्न. पहिल्या तिघांची उत्तरं अहवालांत सापडली. चौथ्याने कित्येक महिने घेतले, कारण पिकाचे आकडे समोर असूनही भाव अनेकदा त्यांच्या उलट चाललेला दिसायचा. त्याचा माग काढताना मी ज्या वाटेने गेले ती इथे मांडते. ज्यांचा ऊस-साखरेशी पोटापाण्याचा संबंध आहे, त्यांना ती कामाला यावी अशी मनापासून इच्छा आहे.

सुरुवात मोजमापापासून करावी लागली. लंडनची आंतरराष्ट्रीय साखर संघटना ऑक्टोबर ते सप्टेंबर असं वर्ष धरते. ब्राझीलचा हंगाम एप्रिल ते मार्च मोजतात. अमेरिकेचा कृषी विभाग मे आणि नोव्हेंबरमध्ये जागतिक अहवाल काढतो, त्यात प्रत्येक देश आपापल्या हंगामाने मांडलेला असतो. शिवाय भारतातले आकडे पांढऱ्या साखरेचे आणि जागतिक तक्ते बहुतेक कच्च्या साखरेच्या हिशेबात. पांढऱ्याचं कच्च्यात रूपांतर करताना १.०८७ ने गुणतात, म्हणजे भारताचे ३०० लाख टन त्या तक्त्यात ३२६ लाख टन होऊन बसतात. भावाचंही तसंच. न्यूयॉर्कचा ११ नंबरचा वायदा (पुढच्या तारखेचा सौदा) कच्च्या साखरेचा, सेंट प्रति पौंड. लंडनचा ५ नंबरचा पांढऱ्या साखरेचा, डॉलर प्रति टन. सेंटला २२.०४६ ने गुणलं की डॉलर प्रति टन मिळतात. मी आधी सगळं एका हिशेबात आणलं. काम कंटाळवाणं आहे, पण ते केल्याशिवाय दोन देश शेजारी ठेवून बघताच येत नाहीत.

त्या एकत्र तक्त्यातून खरी गोष्ट दिसली. जगात वर्षाला साधारण १८ कोटी टन साखर तयार होते, आणि त्यातली देशाची सीमा ओलांडते ती सुमारे एक तृतीयांश. बाकीची जिथे बनते तिथेच खपते, तीही त्या त्या देशाच्या शुल्कांच्या, कोट्यांच्या आणि किमान दरांच्या आडोशाला. जागतिक भाव ठरतो तो या बाहेर पडणाऱ्या हिश्शावर. खप वर्षानुवर्षं फार हलत नाही. हलते ती बाहेर पडणारी साखर. हे लक्षात आल्यावर मी एकूण उत्पादनाच्या रकान्याला कमी महत्त्व दिलं आणि प्रत्येक प्रदेशापुढे एकच प्रश्न लिहिला: इथली साखर बाहेर पडेल की नाही, हे कोण ठरवतं?

ब्राझीलमध्ये ते कारखाना ठरवतो. सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवला, आणि तो सार्थकी लागला. साओ पाउलो राज्य ज्यात येतं त्या मध्य-दक्षिण भागात देशातला नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊस गाळला जातो. तिथल्या कारखान्यांची संघटना, युनिका, दर पंधरवड्याला गाळपाचा अहवाल काढते. त्यात किती ऊस गाळला, टनामागे एकूण किती शर्करा मिळाली आणि त्यातली किती टक्के साखरेकडे गेली (बाकीची इथेनॉलकडे जाते), हे तीन आकडे असतात. तिसरा आकडा सोन्यासारखा आहे. १९७५ साली तेलटंचाईच्या काळात ब्राझीलने उसापासून इथेनॉल हे इंधन करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००३ पासून तिथे पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या आल्या. पंपावर इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांपेक्षा स्वस्त असेल तर ग्राहक ते भरतो, कारण लिटरमागे अंतर साधारण तेवढंच कमी मिळतं. म्हणजे खनिज तेल, पेट्रोल, इथेनॉल आणि साखर हे चारही भाव एकाच साखळीत अडकलेले.

ही साखळी मी आकड्यांत उतरवली. ब्राझीलमध्ये ऊसदराच्या हिशेबासाठी ठरलेले गुणक आहेत: एक किलो साखरेला १.०४९५ किलो शर्करा लागते, एक लिटर पाणीयुक्त इथेनॉलला १.६९१३ किलो. म्हणजे एक लिटर इथेनॉल करणं म्हणजे साधारण १.६ किलो साखर सोडून देणं. कारखान्यावरचा इथेनॉलचा दर या १.६ ने भागायचा, ब्राझिलियन रेआलचे डॉलर करायचे, मग सेंट प्रति पौंड. जो आकडा येतो त्याच्या वर साखरेचा भाव असेल तर कारखाना साखरेकडे झुकतो. अर्थात साखर उकळायच्या टाक्यांना मर्यादा असते, आणि बरीचशी साखर आधीच वायद्यात विकलेली असते, म्हणून झुकाव एका रात्रीत बदलत नाही.

या हिशेबाची ताकद मला दोन हंगाम शेजारी ठेवल्यावर पटली. २०१९-२० मध्ये मध्य-दक्षिण भागात ५९ कोटी टन ऊस गाळला, त्यातला साखरेचा वाटा ३४ टक्के होता आणि साखर निघाली २६८ लाख टन. २०२३-२४ मध्ये ऊस ६५.४ कोटी टन, वाटा ४९ टक्के, साखर ४२४ लाख टन. ऊस वाढला अकरा टक्के, साखर जवळपास अठ्ठावन्न. नुसतं लागवडीचं क्षेत्र बघून भावाचा अंदाज बांधणाऱ्यांनी ही जोडी एकदा तरी बघावी. मधल्या काळात, २०२० च्या एप्रिलमध्ये, तेल कोसळलं आणि गाड्या थांबल्या तेव्हा न्यूयॉर्कचा भाव १० सेंटच्या खाली गेला होता. त्या हंगामात कारखाने मोठ्या प्रमाणावर इथेनॉल सोडून साखरेकडे वळले.

भारतात हेच उत्तर दिल्लीत लिहिलं जातं. २०२१-२२ मध्ये सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध आले, पुढच्या हंगामात साधारण ६० लाख टनांना वाव मिळाला आणि २०२३-२४ मध्ये दार जवळपास बंदच झालं. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, थायलंडमध्येही पाऊस कमी होता, आणि त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कचा भाव २८ सेंटपर्यंत चढला. बारा वर्षांतला उच्चांक. त्याच सुमारास ब्राझील विक्रमी साखर काढत होता. उत्पादन आणि भाव एकाच वेळी वर कसे, हे कोडं इथे सुटलं: भारताची साखर बाहेर येणार नाही, हे बाजाराने धरून चाललं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही बंधनं घातली, म्हणजे पुढे काय करायचं हा निर्णयही कारखान्याच्या हातून गेला.

या भागावर काम करताना मला सर्वाधिक अस्वस्थ केलं ते दोन आकड्यांनी. १०.२५ टक्के उताऱ्यासाठीची (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, २०२५-२६ ला क्विंटलला ३५५ रुपये होती आणि ती जवळपास दरवर्षी वाढत आली, वाढायलाच हवी. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि २०२५-२६ चा हंगाम सुरू होईपर्यंत तिथेच होता. बाजारभाव त्याच्या वर असेल तोवर ठीक. तो घसरला की कारखान्याकडे येणारा पैसा अडतो आणि उसाची बिलं थकतात. निर्यात हा या कोंडीतून सुटण्याचा मार्ग असतो, आणि नेमका तोच आयत्या वेळी उघडतो किंवा बंद होतो. ज्याने पाणी, खत आणि वर्ष-दीड वर्ष घातलं, त्याच्या पैशाची तारीख अशा परिपत्रकावर लटकते. हे वाचताना मी कितीदा तरी थांबले.

थायलंडमध्ये निर्णय शेतकऱ्याचा आणि पावसाचा. ऊस तिथे बऱ्याच भागात पावसावर येतो आणि शेजारच्या शेतात कसावा (साबुदाण्याचा कंद) असतो. २०१९-२० च्या दुष्काळात उत्पादन सुमारे १४६ लाख टनांवरून ८३ लाखांवर आलं, आणि कसाव्याला दर चांगला मिळाला की परतलेला ऊस पुन्हा मागे हटतो. थायलंडसाठी म्हणून मी आता उसाइतकाच कसाव्याचा भाव बघते.

शर्कराकंदाचा स्वभाव वेगळा आहे, ते समजून घ्यायला मला आवडलं. ऊस एकदा लावला की खोडवा घेत काही वर्षं शेतात राहतो, म्हणून भाव पडला तरी पुरवठा लगेच घटत नाही. शर्कराकंद दरवर्षी नव्याने पेरतात. शेतकरी पुढच्याच वसंतात गव्हाकडे किंवा मोहरीवर्गीय पिकाकडे वळू शकतो. युरोपीय संघाने ३० सप्टेंबर २०१७ ला उत्पादन कोटे आणि कंदाचा किमान दर संपवला. पहिल्याच हंगामात उत्पादन उसळलं, भाव कोसळला आणि मग क्षेत्र घटत गेलं. त्यात २०१८ पासून मावा किडीला आवरणाऱ्या निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांवर बंदी आली आणि २०२० मध्ये फ्रान्समध्ये मावा-वाहित पिवळ्या रोगाने मोठं नुकसान केलं. रशिया एके काळी मोठा खरेदीदार होता. आज त्याची गरज स्वतःच्या कंदातून भागते.

खरेदीदारांकडे मी शेवटी वळले. इंडोनेशिया आणि चीन हे मोठे. चीन १९.४५ लाख टनांपर्यंत १५ टक्के शुल्क घेतो, त्यापुढे ५० टक्के. एवढी उंच भिंत असली की वाट वळसा घेतेच: थायलंडहून साखरेऐवजी पातळ साखर, म्हणजे सिरप, आणि साखरमिश्रित पावडरी चीनमध्ये जाऊ लागल्या. डिसेंबर २०२४ मध्ये चीनने ती आयात थांबवली. कस्टमच्या आकड्यांत साखरेच्या रकान्याबाहेर बघायची सवय मला यामुळे लागली. दुबईसारख्या ठिकाणचे शुद्धीकरण कारखाने मात्र वेगळंच गणित बघतात. ते कच्ची आणून पांढरी विकतात, म्हणून लंडन आणि न्यूयॉर्कच्या भावातला फरक हीच त्यांची कमाई. भारत किंवा थायलंडची पांढरी साखर अडली की हा फरक रुंदावतो.

एवढं झाल्यावर तक्त्यात मी एक ओळ वाढवली: देशातला भाव, जागतिक भाव, वाहतूक आणि त्या दिवशीचा विनिमय दर. २०२५ मध्ये न्यूयॉर्कचा भाव १५ सेंटच्याही खाली उतरला. ऑगस्टमध्ये ब्राझीलने पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २७ वरून ३० टक्क्यांवर नेलं, आणि नोव्हेंबरमध्ये भारताने १५ लाख टन निर्यातीला मान्यता दिली. १५ सेंट म्हणजे टनाला ३३१ डॉलर. भारतातला भाव त्याहून बराच वर होता, त्यामुळे मान्यता हातात असूनही कारखान्यांना बाहेर विकणं परवडत नव्हतं. त्या हंगामासाठी भारतापुढच्या प्रश्नाचं उत्तर मी दिल्ली खोडून न्यूयॉर्क असं लिहिलं.