दोन कऱ्हाड

नौपाड्यातल्या एका पतपेढीत मी एकोणीस वर्षं काउंटरला आहे. सभासदांच्या नोंदीच्या सॉफ्टवेअरमध्ये काही अडलं की सगळ्या शाखांचे फोन मलाच. म्हणून कंपनीने रोज वापरणाऱ्या जाणकारांना बैठकीला बोलावलं, तेव्हा साहेबांनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं. मानधन नाही, शनिवार जाणार, वर गोपनीयतेच्या करारावर सही. (खालची तक्रार माझीच आहे, ती लिहिली तर चालेल ना, हे विचारून घेतलंय.)

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली. पूर्वी ते पहिलंच स्टेशन, आता मध्ये दिघा गाव आलंय. पहिली बैठक फुकट गेली. पाऊण तास त्यांनी नवे रंग, नवी बटणं दाखवली आणि मग विचारलं, ‘तुमच्या सूचना?’ आम्ही सहाजण. कुणी म्हणालं फॉन्ट मोठा करा, मी म्हटलं सर्च नीट चालत नाही. प्रमुखांनी वहीत लिहिलं, ‘सर्च – सुधारणा’. समोसा, चहा, घरी. परतताना स्वतःचाच राग आला. नुसतं ‘पोट दुखतंय’ म्हटल्यावर डॉक्टर तरी काय देणार?

दुसऱ्या खेपेला पेनड्राइव्ह नेला. सभासदांची माहिती बाहेर नेता येत नाही, म्हणून दोन खोट्या नावांची फाइल केली. गाव दोघांचंही कऱ्हाड. मोठ्या पडद्यावर लावली आणि म्हटलं, ‘कऱ्हाड शोधा.’ एकच नाव आलं.

‘पण दोन्ही सारखंच लिहिलंय की, मॅडम!’ टीममधली एक मुलगी म्हणाली.

‘तेच तर.’

तिने दोन्ही शब्द अक्षर अक्षर सुटे करून पाहिले. एकात साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं पण न दिसणारं चिन्ह. दुसऱ्यात युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या पद्धतीने, वेगळा दिलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर अर्धा र तोच, यंत्राच्या लेखी शब्द दोन. कुठल्या कीबोर्डवरून टाइप केलं, त्यावर सगळं.

मग काउंटरवर काय होतं ते सांगितलं. माणूस समोर उभा, नाव सापडत नाही, मागे रांग. बाई नवी नोंद करून मोकळी होते. एकाच सभासदाची दोन खाती, आणि लाभांश वाटायच्या वेळी आमची झोप उडते. हे ऐकल्यावर प्रमुखांनी वही बाजूला ठेवली. पुढचा दीड तास फक्त प्रश्न: ‘तुऱ्हाटी’ कशी टाइप करता, ‘बऱ्हाणपूर’ कसं, जुना डेटा कोणत्या फॉन्टमधून आणला. समोसे गार झाले.

तीन महिन्यांनी आलेल्या अपडेटमध्ये दोन्ही कऱ्हाड एका शोधात येतात. आधीच झालेली दुहेरी खाती मात्र आम्हालाच हाताने जुळवायची आहेत. रोज दुपारी तीननंतर बसते, फॉर्मवरच्या सह्या ताडून बघते. अठ्ठावीस झाली. अजून ‘गोऱ्हे’ सुरू व्हायचेत.