बुरकुंडाचं झाकण

तळणाचा वास आधी आईंना आला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. "कुणाच्या तरी घरी तळण चाललंय गं," मागच्या सीटवरून त्या म्हणाल्या. मीही हो म्हटलं, भाऊबीजच होती. मग लक्षात आलं, की फुलंब्री कधीच मागे पडलीय, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता मका उभा आहे आणि मैलभर घर म्हणून नाही. पाऊस होता म्हणून काचा बंद. म्हणजे वास आमच्याच गाडीतून येत होता.

ही २०१९ ची भाऊबीज, २९ ऑक्टोबर. त्या वर्षी दिवाळीतही पाऊस हटला नव्हता. मक्याला आधी लष्करी अळीने खाल्लं, त्यातून जो वाचला तो काढायच्या वेळेला भिजला, उभ्या कणसांना कोंब फुटले. आमच्याकडच्या लोकांना ती दिवाळी वेगळी आठवून द्यावी लागत नाही. आईंचे धाकटे भाऊ गोळेगावला, सिल्लोडच्या पुढे अजिंठ्याच्या रस्त्यावर. यांना कंपनीत ड्यूटी होती, म्हणून औरंगाबादहून (तेव्हा औरंगाबादच होतं) गाडी मी काढली. आई, मी आणि अकरा वर्षांची लेक. आईंच्या मांडीवर ओवाळणीचं ताट, वर पेपर झाकून सुतळीने बांधलेलं. ते डिकीत ठेवायला त्या तयारच नव्हत्या.

गाडी अल्टो, तेव्हा आठ वर्षांची. आदल्याच दिवशी शहरातल्या एका गॅरेजात ऑइल बदलून आणली होती. दिवाळीत सगळ्यांनाच गाड्या हव्या असतात, त्यामुळे तिथे बरीच घाई होती. बिलावर 'ऑइल चेंज'समोर टिकमार्क होता आणि स्टिअरिंगला सर्व्हिसचा कागद बांधलेला होता. बॉनेट उघडून बघावं, असं मला वाटलंही नाही. आता वाटतं. दर वेळी वाटतं.

आळंदच्या अलीकडे एक टपरीवजा हॉटेल आहे, शेजारी पंक्चरचं दुकान. रस्ता तेव्हा चौपदरीकरणासाठी खोदून ठेवलेला, एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला खडी. बॉनेटच्या फटीतून निळसर धूर निघताना दिसला तशी मी गाडी तिथेच आत घातली. इंजिन बंद केलं आणि आधी सगळ्यांना खाली उतरवलं. ताटासकट.

बॉनेट उघडलं तर आत सगळं ऑइलने न्हालेलं. बॅटरी, वायरी, बॉनेटची आतली बाजू, सगळीकडे सोनेरी तेल. नवं ऑइल ना, रंग छान होता. इंजिनाच्या डोक्यावर जिथे काळं गोल झाकण असायला हवं, तिथे नुसतं भोक. मधून बारीक वाफ निघत होती, कुकरची शिट्टी काढल्यावर निघते तशी.

झाकण कुठे गेलं ते सांगायला पंडित नको. ऑइल ओतताना झाकण काढून लोक बॅटरीवर नाहीतर इंजिनवरच कुठेतरी ठेवतात आणि तिथेच विसरतात. पहिल्या दहा-वीस किलोमीटरच्या खड्ड्यांत ते खाली पडतं. आम्ही तरी शोधलं. लेकीने मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात गाडीखालीही बघितलं. नव्हतं.

पंक्चरवाला मुलगा वीस-बावीसचा असेल. त्याने आल्या आल्या कामाचं ते सांगितलं. "मॅडम, पाणी मारू नका. सायलेन्सरचा पाइप तापलाय, तडा जाईल." मी बाटली उघडली होतीच, पाणी मारणारच होते. त्या झाकणाच्या खालीच कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा फिरतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर तो दीड हजार घेतो आणि अंगावरचं तेल भिरकावत राहतो. शिवाय पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली निसटतो, तोही वर यायला वाट बघतच असतो. झाकण नसलं की दोघांनाही मोकळं रान. तेल उडून तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं, त्याचा धूर होतो, तो पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत ओढला जातो आणि आईंना तळण आठवतं. आग लागली नाही हे नशीब. आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा तोवर लागलाच नव्हता. तो ऑइलचा दाब पडल्यावर लागतो, ऑइल कमी होताना नाही. लागेपर्यंत वेळ गेलेली असते.

डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून बुडवली, तर तेल खालच्या खुणेच्या जरासं वर.

आता झाकण. सणाचा दिवस, सिल्लोडची दुकानं बंद, फुलंब्रीतली बंद. टपरीवर चहा प्यायला बसलेली चार माणसं उठून आली आणि गाडीभोवती ग्रामसभा भरली. एकाने चिंधीचा बोळा कोंबायला सांगितला. दुसरा म्हणाला, प्लॅस्टिकची पिशवी चार पदरी करून बांधा. तिसऱ्याने बटाटा सुचवला आणि तो चेष्टा करत नव्हता. मला बोळाच बरा वाटला. मी डिकीतून जुना टॉवेल काढायलाही गेले.

पंक्चरवाल्याने टॉवेल हातातून घेतला. "धागा आत गेला तर तेलाची जाळी चोंदते. पिशवी वितळती. बटाटा शिजंल आन् आत पडंल. मग इंजिन उघडा." त्याचं म्हणणं एकच होतं. काहीही लावा, पण त्याचा कण आत पडता कामा नये. तेल बाहेर सांडलं तर विकत मिळतं.

हे बोलणं चालू असताना आई टपरीच्या चुलीपाशी शेकत उभ्या होत्या. चुलीत बुरकुंडं जळत होती. मक्याचे दाणे काढून उरलेलं कणीस, ते बुरकुंड. आमच्या भागात मका पिकतो, त्यामुळे जळणाला तेच असतं. शेजारी पोतंभर पडलेली, गेल्या सालची, खडखडीत वाळलेली. आईंनी त्यातलं एक उचललं, दोन्ही टोकं बघितली, ते टाकून दुसरं घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

"रॉकेलच्या कॅनला आम्ही हेच लावायचो की. थेंब गळत नव्हता."

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. पंक्चरवाला मात्र हसला नाही. त्याने ते घेतलं आणि बारीक टोक भोकावर धरलं. बुरकुंड एका बाजूला निमुळतं असतं, पाचरीसारखं. जेवढं दाबाल तेवढं घट्ट बसतं. "मावशी, साइज बरोबर हाय," तो म्हणाला, "पण ह्याचा भुसा पडतो." आणि आत जाऊन मोटरसायकलची फाटकी ट्यूब घेऊन आला.

ट्यूबचा वीतभर तुकडा कापून त्याने पाण्यात धुतला, आतली पांढरी पावडर जाईपर्यंत. मग कोरडा करून मोज्यासारखा बुरकुंडावर चढवला. खालचं टोक दुमडून तारेने आवळलं. तारेची टोकं बाहेरच्या बाजूला राहतील अशी वळवली आणि वरून ट्यूबचीच आणखी एक पट्टी गुंडाळून ती झाकली. दोनदा ओढून बघितलं, सुटत नाही ना. भोकाभोवतीची घाण त्याने माझ्याच टॉवेलने बाहेरच्या बाजूला पुसली. मग ते गुंडाळलेलं बुरकुंड फिरवत फिरवत आत दाबलं. बसलं.

बॉनेट मात्र लागेना. बुरकुंड चांगलं चार बोटं वर आलं होतं. ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. पुन्हा काढलं, टपरीवाल्याच्या विळ्याने जाड टोक कापलं, पुन्हा गुंडाळलं. या वेळी आई सूचना देत होत्या आणि पंक्चरवाला "हाव मावशी, हाव मावशी" करत होता. शेवटी वाफेच्या दाबाने बूच उडू नये म्हणून ट्यूबची लांब पट्टी त्यावरून आडवी ताणून दोन्हीकडे बांधली, पंख्याच्या पट्ट्यापासून लांब.

टपरीवाल्याकडे मोटरसायकलवाल्यांसाठी ठेवलेलं २०डब्ल्यू-४० ऑइल होतं. एक लिटर घेतलं, बूच बसवायच्या आधीच ओतलं. ऑइलचे पैसे त्याने घेतले. पंक्चरवाला घेईना. आईंनी ताटावरची सुतळी सोडली, दोन करंज्या आणि एक अनारसा त्याच्या हातावर ठेवला. मग वाटेत पुन्हा ताट बांधायचा कार्यक्रम.

पुढे चाळीसच्या वर गेले नाही. त्या रस्त्यावर तसंही जाता येत नव्हतं. दर सहा-सात किलोमीटरला थांबायचं, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं, बघायचं. पहिल्यांदा बुचाच्या कडेला तेलाची बारीक रेघ होती. भवन गावाला तेवढीच. सिल्लोडला जरा जास्त, पण डिपस्टिक जागेवर. सिल्लोडची स्पेअर पार्टची दुकानं बंदच होती, एकाच्या शटरवर झेंडूची माळ लोंबत होती. गोळेगावला पोचेपर्यंत अंधार पडला. आईंनी भावाला ओवाळलं तेव्हा माझ्या हाताला ऑइलचा वास येत होता आणि अनारसे एका कोपऱ्यात चुरले होते.

दुसऱ्या दिवशी मामांचा मुलगा मोटरसायकलवर सिल्लोडला जाऊन झाकण घेऊन आला. नव्वद रुपये. चिमटीत मावणारं काळं प्लॅस्टिक, खाली रबराची गोल रिंग. मी बूच काढलं तर ट्यूबचं रबर तेल पिऊन फुगलं होतं, बोटाने दाबलं तर गिळगिळीत लागत होतं. ट्यूबच्या रबराला तेल सोसत नाही. ते आणखी एखादा दिवस टिकलं असतं असं मला वाटत नाही. आतलं बुरकुंड मात्र होतं तसंच, कडेला फक्त जरा पिवळसर झालेलं. आत काही पडलं नाही ना, म्हणून ते लेकीने ताटलीत उभं करून सगळ्या बाजूंनी तपासलं.

त्या गॅरेजला मी फोन केला होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "बघतो मॅडम." अजून बघतोय.

बुरकुंड मला ठेवून घ्यायचं होतं, खिडकीत वाळतही ठेवलं होतं. आंघोळीला गेले आणि परत आले तर नव्हतं. मामींनी ते बंबात घातलं होतं. "तेलाचं हाय वाटतं," त्या म्हणाल्या, "एका काडीत पेटलं."