लेहमध्ये सकाळचं गरम पाणी

जूनमध्ये संध्याकाळी लेहच्या मेन बझारमध्ये जरा वेळ उभं राहिलं की मराठी ऐकू येणारच. आणि त्यातही हमखास कानावर पडणारं वाक्य म्हणजे "आमच्या हॉटेलात सकाळी गरम पाणीच येत नाही हो!" पँगाँग, मठ, खारदुंगला सगळं त्याच्या नंतर. तर या पोस्टमध्ये पँगाँगचे फोटो टाकत नाहीये, ते नेटवर ढिगाने आहेत. मी लिहिणार आहे हॉटेलांबद्दल, कारण यावेळी बघण्यासारखं आणि डोकं चालवण्यासारखं जास्त तिकडेच सापडलं.

आमचा ग्रुप म्हणजे मी, माझी मावशी आणि तिचा पुण्याचा हास्यक्लब. टूर कंपनी नको, आपणच बुकिंग करू असं मावशीने ठरवलं आणि करायला मला लावलं. ग्रुपमध्ये लातूरचे एक काका होते, रिटायर्ड शिक्षक, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

आता जागेची थोडी कल्पना देते म्हणजे पुढचं कळेल. लेह साधारण ३५०० मीटर उंचीवर आहे आणि पाऊस-बर्फ मिळून वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर. मुंबईत जुलैमधल्या एखाद्या वाईट दिवशी दुपारपर्यंत एवढा पडून मोकळा होतो. पाणी येतं ते वरच्या बर्फाचं, ओढ्यांतून खाली, मग पाटांतून शेतात. पाटाला तिकडे युरा म्हणतात आणि कोणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं हे बघायला गावात चुरपोन नेमलेला असतो, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखाच. म्हणजे पाणी वाटून घ्यायची शिस्त तिथे पिढ्यान्पिढ्या आहे. १९७४ ला लडाख पर्यटकांना खुलं झालं, सुरुवातीला बहुतेक परदेशी बॅकपॅकवाले यायचे. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या लडाखची लोकसंख्या होती २.७४ लाख, आणि २०२२ या एका वर्षात पर्यटक आले ५ लाखांच्या वर, तेही बरेचसे उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत. या सगळ्यांना आंघोळ हवी, फ्लश हवा, रोज धुतलेली चादर हवी.

पहिलं हॉटेल नवंकोरं होतं, शहराच्या जरा बाहेर. नाव सांगत नाही. रूममध्ये बाथटब! लेहमध्ये! पोचल्या दिवशी उंचीची सवय होईपर्यंत आंघोळ करू नका असं सगळेच सांगतात आणि इथे बाथटब. पलंगाशेजारी प्रत्येकी दोन पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या, रोज नव्या, आदल्या दिवशीची अर्धी उरली असली तरी ती उचलून नवी ठेवायचे. आणि बाथरूममध्ये ते हिरव्या पानाचं चित्र असलेलं कार्ड, "टॉवेल पुन्हा वापरा, निसर्ग वाचवा". मी ते कार्ड वाचत होते आणि खिडकीतून दिसत होतं की भर दुपारच्या उन्हात लॉनवर स्प्रिंकलर फिरतोय. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, गेस्ट को ग्रीनरी चाहिए, फोटो में अच्छा आता है." पाणी कुठलं, तर स्वतःचा बोअर, कमी पडलं तर टँकर.

त्या टॉवेलच्या कार्डावर खरंच अभ्यास झालेला आहे बरं का. अमेरिकेत गोल्डस्टीन, चाल्डिनी वगैरे संशोधक मंडळींनी एका हॉटेलात वेगवेगळी कार्डं लावून बघितली, २००८ साली छापून आलं. नुसतं "पर्यावरण वाचवा" लिहिलं तर साधारण ३५ टक्के लोकांनी टॉवेल परत वापरला, आणि "आमच्याकडचे बहुतेक पाहुणे टॉवेल परत वापरतात" असं लिहिलं तर ४४ टक्क्यांनी. म्हणजे माणूस पृथ्वीचं ऐकत नाही, शेजारच्या रूमचं ऐकतो. हास्यक्लब बरोबर असला की हे प्रयोगाशिवाय पण कळतं म्हणा.

पुढचा मुक्काम लेहमधल्याच चांगस्पा भागात, एका कुटुंबाचं गेस्टहाऊस. अंगणात जर्दाळूची झाडं, भाजीचा वाफा, गच्चीवर सोलर हीटरच्या नळ्या, आणि जिन्याखाली फिल्टर लावलेला, ज्याला पाहिजे त्याने बाटली भरून घ्या. मालकीणबाईंना सगळे आमा-ले, म्हणजे आई, म्हणायचे, त्यांना हिंदी थोडंच येतं पण हसून सगळं कळवायच्या, हिशोब आणि बुकिंग मुलाकडे.

पहिल्याच सकाळी सहाला मावशी जिन्यात उभी, "गरम पाणी कधी येणार?" आंघोळ केल्याशिवाय ती चहा घेत नाही, हा नियम तिने पुण्यात मोडला नाही तर लेहमध्ये कशाला मोडेल. मुलगा झोपेतून उठून आला आणि शांतपणे समजावलं की आंटी, सोलर आहे, दिवसभर ऊन खातं, दुपारी तीन-चारपासून रात्रीपर्यंत पाणी कडक गरम, पहाटेपर्यंत गार होतं. तुम्ही संध्याकाळी फिरून आलात की आंघोळ करा. सकाळीच हवं असेल तर डिझेलचा बॉयलर लावावा लागतो, आणि डिझेल येतं खालून, झोजिला खिंडीतून नाहीतर मनालीच्या रस्त्याने, टँकरमधून. मावशी म्हणाली, "संध्याकाळी आंघोळ? छे!" मग लातूरचे काका पुढे आले, त्यांनी पाण्याच्या वेळेबद्दल काही विचारलंच नाही, फक्त म्हणाले, "बादली आणि मग्गा मिळेल का?" २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं ते आठवत असेल, काकांनी ते दिवस काढलेत. त्यांना शॉवरचा हिशोब तोंडपाठ, मिनिटाला आठ-दहा लिटर, बाई दहा मिनिटं उभी राहिली की शंभर लिटर गेलं, आणि बादली बघा, पंधरा-सोळा लिटर, संपली की संपली. (काका कायम "बाई उभी राहिली की" म्हणत होते, पुरुष जणू शॉवरखाली उभेच राहत नाहीत. असो.) दुसऱ्या संध्याकाळी काकांनी बादली घेतली, मग जोशीकाकू, मग एकेक करत सगळे. मावशी शेवटची, आणि ते पण गुडघे दुखतायत म्हणून गरम पाण्याचा शेक बरा, असं कारण सांगून.

त्या मुलाशी रात्री अंगणात बऱ्याच गप्पा झाल्या. त्याचं म्हणणं असं की लेहमध्ये हॉटेलवाला स्वतःहून काही ठरवत नाही, ठरवतो गेस्ट. त्याच्या आजोबांच्या वेळी परदेशी पाहुणे यायचे, घरातलीच खोली भाड्याने, घरातलाच लडाखी कोरडा संडास वापरायचे, कोणाची काही तक्रार नसायची, उलट फोटो काढून न्यायचे. मग अटॅच्ड बाथरूम मागणारे आले, मग वेस्टर्न कमोड, मग फ्लश. एकाने केलं की शेजाऱ्याला करावंच लागतं. फ्लशला पाणी हवं म्हणून बोअर, फ्लशचं घाण पाणी जायला शोषखड्डा, आणि जागा कमी म्हणून दोन्ही एकाच अंगणात! सांडपाण्याची लाईन शहरात टाकलीये पण सगळीकडे पोचलेली नाही. "और मॅडम, सर्दी में हम खुद पुराना वाला यूज करते हैं," हे तो हसत म्हणाला, कारण जानेवारीत उणे वीसपर्यंत जातं, नळ गोठतात, फ्लश बंद, मग जुना संडासच कामाला येतो.

आणि सगळ्यात भारी मुद्दा त्याने सांगितला तो बुकिंग साइटचा. तिथे फिल्टर असतात ना, अटॅच्ड बाथरूम, २४ तास गरम पाणी, वगैरे. लोक टिक करतात आणि सर्च मारतात. तुमच्याकडे २४ तास गरम पाणी नसेल तर तुम्ही यादीत दिसतच नाही. आमचा सोलर, आमचा फिल्टर, आमची बाग, हे वाचायला माणूस आमच्या पानापर्यंत पोचायला तर पाहिजे! त्यामुळे बॉयलर ठेवलाय, टिक लावलीये, आणि रोज सकाळी लोकांची समजूत काढतो. मला हे ऐकून कसंतरीच झालं. घरी सोफ्यावर बसून आपण ती टिक करताना एक सेकंद पण विचार करत नाही, आणि इकडे त्या टिकेपायी गच्चीवर बॉयलर चढतो.

पण ही मागणी उलटी पण चालते. बाटलीचंच घ्या. लडाखच्या बायकांनी, विमेन्स अलायन्स ऑफ लडाख म्हणून त्यांची संघटना आहे, १९९८ मध्ये लेहमधून प्लास्टिकच्या पिशव्या हद्दपार करायला लावल्या, आपल्याकडे बंदी यायच्या कितीतरी आधी. बाटल्या मात्र येतच राहिल्या, आणि लेहचा कचरा वर्षानुवर्षं बॉम्बगार्ड नावाच्या माळावर जाऊन पडत राहिला. झोमसा नावाच्या दुकानात उकळलेलं पाणी बाटलीत भरून मिळायचं, आणि तिथे रांग लावली ती पाठीवर सॅक टाकलेल्या प्रवाशांनी. आमच्या गेस्टहाऊसमधला फिल्टर पण असाच आला, एका ट्रेकिंग ग्रुपने दरवर्षी येऊन "भरून द्या, नवी नको" असा लकडा लावला म्हणून.

मग आम्ही गेलो हेमिस शुकपाचनला. हे मोठ्या हेमिस मठाचं हेमिस नव्हे, हे शाम भागातलं, लेहच्या पश्चिमेला, जुन्या शुकपाच्या म्हणजे जुनिपरच्या झाडांचं गाव. होमस्टेमध्ये राहिलो आणि तिथे अखेर तो प्रसिद्ध संडास. वरच्या मजल्यावर मातीची खोली, जमिनीत चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि त्यात खोचलेलं फावडं. झालं की दोन फावडी माती-राख भोकातून खाली लोटायची. खालच्या खोलीत सगळं साठतं, वाळतं, आणि पुढे शेतात जवाला खत म्हणून जातं. पाणी शून्य. वास? नाही, खरंच नाही, माती पुरेशी टाकली तर. मावशी आत गेली तेव्हा बाहेर आम्ही सगळे श्वास रोखून उभे. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "आमच्या आजोळच्यापेक्षा स्वच्छ आहे." फक्त गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे, वयस्कर माणसांना तिथे धरायला काहीतरी हवं, तेवढी सोय सगळ्यांनी करायला हवी.

जेवायला स्क्यू होतं, कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे आणि भाज्या एकत्र शिजवलेलं, आपल्या वरणफळांच्या अगदी जवळचं, सोबत खंबीर रोटी आणि जर्दाळूचा जॅम. भाजी मागच्या वाफ्यातली. गंमत म्हणजे लेहच्या हॉटेलात आमच्यासाठी मुद्दाम पोहे करायचे, आणि पोहे, शेंगदाणे, कढीपत्ता सगळं ट्रकने वर चढून आलेलं असतं. मराठी ग्रुपला पोहे लागतात हे लेहमधल्या प्रत्येक आचाऱ्याला पाठ आहे! उद्या आपण स्क्यू मागायला लागलो तर ते पण पाठ करतील की.

जाणाऱ्यांसाठी थोडं. बुकिंगच्या आधी फोन करून विचारा की पाणी सोलरचं आहे का आणि किती वाजता गरम असतं, त्याप्रमाणे आंघोळ लावा. स्वतःची बाटली न्या, मोठी. रूममधल्या सीलबंद बाटल्या नको असतील तर पहिल्याच दिवशी रिसेप्शनला सांगा, नाहीतर येतच राहतात. चादर रोज बदलू नका असंही तोंडी सांगावं लागतं, कार्ड टांगून ठेवल्याने हाऊसकीपिंगवाला थांबत नाही.

परत आल्यावर मावशीने दोन्ही ठिकाणांना रिव्ह्यू लिहिले, मराठीत, मी टाइप करून दिले. चांगस्पावाल्यांना पाच स्टार, "संध्याकाळची आंघोळ उत्तम". पहिल्या हॉटेलला दोन, "बाथटब आहे पण बादली नाही. लॉनला पाणी भरपूर. पोहे कोरडे." काही दिवसांनी तिकडून उत्तर आलं की आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, सर्व रूममध्ये बादली-मग्गा ठेवलेला आहे. लॉन आणि पोह्यांबद्दल अवाक्षर नाही. मावशी म्हणते पुढच्या ग्रुपने लॉनचं लिहावं, पोह्यांचं ती स्वतः फोन करून बघणार आहे.