वाकड्या हेडची फ्लॉपी

गेल्या आठवड्यात एक केळीवाले पाटील दुकानात आले. खिशातून काळी फ्लॉपी काढली. "भाऊ, यामा मन्हा लगननी पत्रिका शे." 1999 सालची पत्रिका, आमच्याच चोपड्याच्या दुकानात केलेली. वरच्या चार अहिराणी ओळी त्यांच्या आजोबांनी जुळवलेल्या, त्या आता मुलाच्या पत्रिकेवर हव्यात. छापील प्रत वाळवीने खाल्ली.

यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह लावला. कटर-कटर, मग गप्प. फ्लॉपी फॉरमॅट करू का, असं वर मलाच विचारतो!

लोक म्हणतात फ्लॉपी बेभरवशाची. मला वाटतं, निम्मा दोष ड्राइव्हचा. साडेतीन इंची फ्लॉपीवर एका बाजूला 80 ट्रॅक, म्हणजे माहिती लिहायच्या गोल रेघा, दोन ट्रॅकमधलं अंतर जेमतेम 0.19 मिलिमीटर. हेड, म्हणजे ड्राइव्हचं वाचायचं-लिहायचं टोक, केसभर सरकलं की तो ड्राइव्ह आपलं लिहिलेलं आपण बिनबोभाट वाचतो, दुसऱ्याला मात्र ते दिसत नाही. आमचा जुना ड्राइव्ह असाच होता. गिऱ्हाईक घरी जायचं आणि संध्याकाळी भांडायला परत यायचं, "फ्लॉपी कोरी दिली!"

म्हणून तोच ड्राइव्ह असलेलं जुनं कॉम्प्युटर, माळ्यावरचं पेंटियम, उतरवलं. ड्राइव्ह उघडला तर आत कापसाचा पिंजर. समोर जिनिंग होती ना, हंगामात चहाच्या कपातही रुई पडायची. ती ब्लोअरने काढली. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खालचं हेड पुसलं, बोळा तपकिरी निघाला. वरचं हेड पातळ पट्टीवर असतं, ते जोर लावून उचललं की संपलंच. नखभर वर करून पुसलं. हेड ज्या दांड्यावर सरकतं तिथलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, तेही खरवडलं. स्क्रू ढिला करून हेड सरळ करायचा मोह झाला होता. पण वाकड्याने लिहिलेलं वाकड्यालाच वाचू द्यावं.

फ्लॉपी टाकली. मिनिटाला 300 फेऱ्यांची ती ओळखीची घरघर. दोनदा 'अॅबॉर्ट, रिट्राय, फेल', दोन्ही वेळा आर दाबला. तिसऱ्यांदा यादी आली. पाटील2. पाटील खुर्चीतून उठून स्क्रीनपाशी आले.

फाइल उघडली आणि सगळा मजकूर चौकोन, डॉलर, उलटे प्रश्नचिन्ह. ज्यात टाइप केलं तो मराठी फॉन्टच नाही! तोही तेव्हा फ्लॉपीवरच ठेवलेला, याच ड्राइव्हने लिहिलेला. माळ्यावर फ्लॉपींची अजून दोन खोकी आहेत. पाटलांना सोमवारी बोलावलंय.